शेवटच्या लेडलचं लोखंड

“धूर कुठं आहे?” किर्स्टेनबाईंनी विचारलं.

आम्ही भट्टीसमोर उभे होतो. आम्ही म्हणजे फौंड्रीचे मालक भूपालअण्णा मगदूम, भट्टीवरचे मुख्य इस्माईल मुजावर, आणि इंग्रजी पत्रव्यवहारापुरता कारखान्यात ठेवलेला मी. भट्टीला झेंडूचा हार घातला होता. भिंतींना नुकताच पांढरा रंग दिलेला, तो इतका ओला होता की कोण टेकून उभं होतं ते पाठीवरून ओळखू यायचं. दारात रांगोळी होती. आणि भट्टी बंद होती. परदेशची पाहुणी येणार, तिच्या अंगावर ठिणगी उडायला नको, नाकात वास जायला नको, म्हणून अण्णांनी त्या दिवसाची हीटच, म्हणजे लोखंड वितळवायची खेपच, रद्द केली होती. पाहुणे आले की घरातला पसारा खाटेखाली सारतात, तसा अण्णांनी अख्खा कारखाना खाटेखाली सारला होता.

अडचण एवढीच, की बाई डेन्मार्कहून धूर मोजायलाच आल्या होत्या.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. डेन्मार्कच्या एका कंपनीसाठी आम्ही कोल्हापूरजवळ शिरोलीत पंपांची कवचं ओतायचो. ही कवचं बोटीतून जायची, तिकडं त्यांना निळा रंग लागायचा आणि ती डॅनिश व्हायची. अर्धा कारखाना त्याच कामावर चालायचा. माझं काम इंग्रजीत दिलगिरी व्यक्त करायचं. माल उशिरा गेला की उशिराबद्दल दिलगिरी, लवकर गेला की गैरसोयीबद्दल दिलगिरी. वेळेवर गेला तर काय लिहायचं असतं हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, कारण तशी वेळ आली नाही.

तर त्या कंपनीनं असं ठरवलं, की जो माल बाहेरून येतो तो बनवताना किती धूर झाला तेही मालासोबत कळलं पाहिजे. पुढंमागं त्यांच्या सरकारचा त्यावर कर बसेल अशीही तिकडं बोलवा होती. कवचं ओतणारे आम्ही एक आणि तुर्कस्तानातले एक. किलोमागं धुराची एक मर्यादा कंपनीनं आखून दिली होती. तिच्या आत राहिलो तर काम राहणार, वर गेलो तर सगळं काम तुर्कस्तानला. आकडा काढायला किर्स्टेनबाईंना पाठवलं होतं. त्या तुर्की फौंड्रीचं नाव आमच्याकडं एकालाही उच्चारता येत नसे, पण शिव्या मात्र नेमक्या तिलाच पोचायच्या.

“आमची भट्टी विजेवर चालते,” अण्णांनी मला सांगितलं आणि मी बाईंना. “धूर नाहीच.”

वीज कुठून येते, असं बाईंनी विचारलं. मी ते इस्माईलभाईंना विचारलं. ते म्हणाले, तारेतनं. मग बाईंनी आपल्या पिशवीतून महाराष्ट्राचा नकाशा काढला, आणि आमच्या विजेचा मोठा भाग लांब विदर्भात कोळसा जाळून तयार होतो, हे बोट ठेवून दाखवलं. तुमच्या कवचाचा धूर तिथं निघतो, म्हणाल्या. बोट चंद्रपूरवर होतं.

अण्णांनी नकाशा नीट बघितला. “चंद्रपूरला आमचं कुणी न्हाई,” ते म्हणाले.

मी त्याचं भाषांतर केलं. बाईंनी ते लिहून घेतलं.

मग त्यांनी अण्णांना हात जोडून सांगितलं की रांगोळी सुंदर आहे, हारही सुंदर आहे, पण उद्या कृपा करून नेहमीसारखं काम चालू ठेवा, मला घाण बघायची आहे. हे ऐकून अण्णा दुखावले. मात्र हात जोडताना बाईंच्या मनगटावरचा भाजल्याचा जुना व्रण इस्माईलभाईंना दिसला, आणि त्यांचं मत तिथल्या तिथं बदललं. लोखंड उडून पडलेला व्रण आहे हा, ते मला बाजूला घेऊन म्हणाले, ही बाई आपल्यातली आहे. चौकशी केली तेव्हा खरंच निघालं. बाई तरुणपणी त्यांच्या गावच्या फौंड्रीत वाळूचे साचे भरायच्या. त्या दिवसापासून इस्माईलभाई त्यांना कृष्णाबाई म्हणायला लागले आणि मग सगळा कारखानाच म्हणायला लागला. त्यांनाही ते आवडलं असावं, कारण त्या हाकेला ओ द्यायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी भट्टी पेटली. कृष्णाबाई दिवसभर जिथं तिथं होत्या. विजेच्या मीटरजवळ, भंगाराच्या ढिगावर, वाळूत. वाळू कुठून येते, ट्रक किती लांबून येतो, येताना भरलेला असतो की रिकामा, असे प्रश्न विचारायच्या. ट्रकवाल्यानं कोल्हापुरात शिरण्याआधी जेवायला थांबून इंजिन चालूच ठेवलं होतं, हेही त्यांनी त्याच्याकडून काढून घेतलं. माझ्या बायकोला माझ्याकडून एवढं कधी काढून घेता आलं नाही.

संध्याकाळी त्यांनी अण्णांना केबिनमध्ये बसवलं आणि समजावून सांगितलं. भट्टीत लोखंड वितळतं. त्यातलं काही साच्याच्या नळ्यांत अडकतं, ते तोडून परत भट्टीत टाकलं जातं, ते ठीक. उरलेलं सगळं माल होऊन गेटबाहेर जायला पाहिजे. पण तुमच्याकडं वितळलेल्या दर शंभर किलोमागं सात-आठ किलो ना परत भट्टीत येतं, ना गेटबाहेर जाताना दिसतं. ते जातं कुठं? ते वितळवायला वीज तर लागलीच आहे. मग त्या विजेचा धूर मला कवचांच्याच माथ्यावर टाकावा लागतो. तसा टाकला की तुम्ही मर्यादेच्या वर जाता. फार नाही, थोडेच. पण वर.

अण्णांनी टेबलावरचा काचेचा पेपरवेट उचलला, पुसला, ठेवला.

“सांगा तिला, जळतं,” ते म्हणाले.

मी सांगितलं. बाई म्हणाल्या, लोखंड इतकं जळत नाही.

“आमच्याकडं जळतं.”

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. इंग्रजी पत्रव्यवहाराच्या माणसाला खिडकी ही फार उपयोगाची वस्तू आहे.

ते सात-आठ किलो कुठं जातात हे आसपासच्या गावांत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. हीट संपत आली, कंपनीचे साचे भरून झाले, की भट्टीच्या तळाशी थोडं लोखंड राहतं. दुसरीकडं त्याच्या विटा पाडतात आणि पुन्हा भट्टीत टाकतात. आमच्याकडं ते शेवटच्या लेडलमध्ये घेत. लेडल म्हणजे लोखंडाचा रस वाहून नेण्याची बादली म्हणा. आणि कोपऱ्यात माणसांनी जेवणाच्या सुट्टीत वाळू भरून तयार ठेवलेल्या साच्यांत ती रिकामी करत. कुणाच्या घरी लग्न असेल त्याला तवा आणि आप्पेपात्र. तालमीला वजनं. शाळेच्या बाकांचे पाय. गटारीवरची झाकणं. स्मशानातल्या चितेखालच्या जाळ्या, त्या तर फारच, कारण जाळी आगीनं खाल्ली जाते आणि मागणी कधी थांबत नाही. अण्णांच्या वडिलांपासून चालत आलेलं हे. कुणी मागायचं नाही, कुणी आभार मानायचे नाहीत, आणि अण्णांसमोर विषय काढायचा नाही. वडिलांनी सांगून ठेवलं होतं, की दिलेलं बोलून दाखवलं की ती जाहिरात झाली. गावच्या जैन बस्तीत, म्हणजे देवळात, फरशी बसवायला अण्णांनी हात सैल सोडला होता, पण फरशीवर नाव घालू दिलं नव्हतं. पुजाऱ्यानं फार आग्रह केला तेव्हा अण्णा आठवडाभर दर्शनाला गेले नाहीत.

आता हे सांगितलं की आकडा खाली येणार, काम वाचणार. नाही सांगितलं की अर्धा कारखाना घरी. केबिनमधून बाहेर पडल्यावर मी अण्णांना एवढंच म्हणालो, की अहो, सांगून टाकू या का.

“शिखरे,” ते म्हणाले, “तुर्कस्तानला जाऊ दे काम. मी माझ्या तोंडानं बोलणार न्हाई. आणि तुम्ही माझं मीठ खाताय, तुम्हीबी बोलायचं न्हाई.”

मीठ खात होतो हे खरंच होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी अण्णांच्या घरी बाईंना जेवायला बोलावलं होतं. घर कारखान्याला लागूनच. त्रिशलावहिनींनी आप्पे केले होते. वहिनी म्हणजे अण्णांच्या पत्नी. त्यांनी कारखान्यात पाय ठेवलेला मी फक्त दसऱ्याला बघितला होता. बाई जमिनीवर पाट घेऊन बसल्या, हातानं जेवायला लागल्या, पण मन ताटात नव्हतं. वहिनींनी मला विचारलं, कृष्णाबाईंना आवडलं न्हाई का?

मी विचारलं. बाईंनी सांगितलं ते असं. त्यांच्या देशात अलीकडं धूर पुष्कळ कमी झालाय, वर्तमानपत्रं फार कौतुक करतात. त्यांची ती गावची फौंड्री बंद पडली आणि आता तिथं कॉफीचं दुकान आहे. पंप मात्र पूर्वीइतकेच लागतात. बाई त्या दुकानात कॉफी प्यायला गेल्या होत्या, तर भिंतीवर शोभेला एक जुनं कवच टांगलेलं. ते त्यांच्याच हातचं होतं की नाही हे त्यांना सांगता येईना.

वहिनींनी वाढता वाढता ऐकलं. “म्हंजे यांच्या घरचा केर आमच्या दारात?”

मला हे भाषांतर करायला संकोच वाटला. केलं. बाईंनी हातातला आप्पा ताटात ठेवला.

“केर नाही,” त्या म्हणाल्या. “चूल. जेवतो आम्ही, चूल तुमच्या दारात पेटते. म्हणून मी मोजत फिरते. निदान कुणाच्या जेवणाचा धूर आहे ते तरी लिहिलेलं असावं.”

मग त्यांनी अण्णांकडं बघून, अगदी अजिजीनं, सांगितलं की परवा मला आकडा पाठवायचा आहे. कंपनीतली माणसं वाईट नाहीत, पण ती फक्त आकडा बघतील, त्यांना इस्माईल दिसणार नाही. ते सात-आठ किलो कुठं जातात एवढं मला कळू द्या.

अण्णा ताटातल्या चटणीकडं बघत राहिले. मी ताटातल्या आप्प्यांकडं. वहिनींना मामला कळायला वेळ लागला नाही.

“अहो, शेवटच्या लेडलचं सांगितलं न्हाई?”

“ते सांगायचं नसतंय.”

“बरोबर हाय,” वहिनी म्हणाल्या. “तुम्ही सांगू नका. दिलं ते तुम्ही, तुम्ही गप्प बसा. मामंजींनी देणाऱ्याचं तोंड बांधलं होतं. घेणाऱ्याचं कुणी बांधलंय?”

अण्णांचा हात ताटात थांबला.

“इस्माईलच्या घरात माझ्या डोळ्यांदेखत आप्पेपात्र गेलं,” वहिनी पुढं म्हणाल्या. “त्याच्या लेकीनं त्याच्यात संसार मांडला. तिनं ते मिरवू नये असं तुमच्या कुठल्या पोथीत लिहिलंय? तुमचं देणं झाकून ठेवा. त्या माणसांनी आभारसुद्धा मानायचे न्हाईत, हे मात्र लई झालं. लोकांच्या घशात अडकलंय ते.”

काय बोलणं चाललंय, असं बाईंनी मला विचारलं. घरगुती आहे, असं मी सांगितलं. नोकरीतल्या माझ्या सगळ्या भाषांतरांत एवढं अचूक दुसरं कुठलंच झालं नसेल.

अण्णा उठले, हात धुतला आणि कारखान्यात गेले. वहिनींनी त्यांच्या पाठमोऱ्या मूर्तीकडं बघत पदर खोचला आणि मागच्या दारानं इस्माईलभाईंच्या बायकोकडं निरोप धाडला. पुढं तो निरोप कसा फिरला ते मला माहीत नाही. एवढं खरं, की आमच्या कारखान्यातून डेन्मार्कला तार पोचायला त्याहून जास्त वेळ लागायचा.

सकाळी मी स्कूटरवरून आलो तर गेटसमोर रांग लागलेली. मला आधी वाटलं संप आहे. पण संपाला कुणी तवे घेऊन येत नाही. बायका होत्या, डोक्यावर आप्पेपात्रं होती, काही पात्रं अजून गरम होती, कारण घरात न्याहारीची वेळ होती आणि निरोप मध्येच आला होता. तालमीतली चार पोरं खांद्यावर वजनं घेऊन आली होती आणि वाट बघता बघता व्यायाम करत होती. शाळेचे हेडमास्तर एका बाकासकट टेम्पोतून आले होते, ते बाकावरच बसून होते. आणि सगळ्यांच्या मागं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत स्मशानातली जाळी.

ट्रॅक्टरबरोबर सरपंच होते. “जरा लवकर मोजून घ्या,” ते मला म्हणाले. “जाग्यावर न्हेऊन ठेवाय पायजे. कुणाला कधी लागंल सांगता येत न्हाई.”

गेटपाशी ट्रकचा मोठा काटा होता आणि शेजारी लहान. कृष्णाबाई मध्ये उभ्या राहिल्या. काय चाललंय हे मी त्यांना सांगितलं. पहिल्यांदाच मला दिलगिरीशिवाय दुसरं काही इंग्रजीत बोलायला मिळत होतं, त्यामुळं जरा लांबलं. त्यांनी ऐकून घेतलं. तवा पुरावा म्हणून चालतो असं त्यांच्या नियमात कुठं नव्हतं. चालत नाही असंही नव्हतं.

पण बाई काही हळव्या होऊन वाटेल ते लिहून घेणाऱ्या नव्हत्या. गेल्या एप्रिलनंतर ओतलेलंच धरणार, म्हणाल्या, कारण हिशेब तेवढ्या एका वर्षाचा. आता तवा कधीचा हे तव्यावर थोडंच लिहिलेलं असतं? तेव्हा त्यांनाच आठवलं. गेल्या एप्रिलपासून कंपनीच्या सांगण्यावरून कवचाच्या लोखंडात चिमूटभर तांबं पडायला लागलं होतं. तेच तांबं शेवटच्या लेडलमध्ये येणार. लोखंडात काय काय आहे ते सांगणारं यंत्र कारखान्यात होतंच. मग एकेक वस्तू यंत्राखाली जायला लागली. ज्यात तांबं निघेल ती काट्यावर, ज्यात नाही ती परत.

जुने तवेही पुष्कळ आले होते. माणसं मदतीला म्हणून घेऊन आली होती. इस्माईलभाईंच्या गल्लीतली एक म्हातारी आपला तवा छातीशी धरून उभी होती, तिच्या तव्यात तांबं निघेना. मी तिला समजावलं, आज्जी, हा धरता येणार नाही.

“तांबं नसंना का,” ती म्हणाली. “भाकरी येती की.”

बाईंना मी ते सांगितलं. त्यांनी तो तवा दोन्ही हातांत घेतला, उलटा केला, बोटाच्या पेरानं वाजवला आणि फार चांगलं ओतीव आहे असं सांगून परत दिला. म्हातारी एवढी खूश झाली की ती रांगेत पुन्हा शेवटी जाऊन उभी राहिली.

गटारीची झाकणं उचलून आणणं बरं नव्हे, म्हणून बाई स्वतः गावात जाऊन ती बघून आल्या. बाकीच्या जाळ्याही जागेवर जाऊन बघितल्या. वाटेत प्रत्येक घरात चहा झाला. कुणीही अण्णांचं नाव घेतलं नाही, हे मी मुद्दाम लक्ष ठेवून पाहिलं. बायका नुसतं म्हणायच्या, हे आम्हाला मिळालंय. आणि म्हणताना असा काही चेहरा करायच्या, जसं खूप दिवसांचं अंगावरचं ओझं खाली ठेवलंय.

अण्णा दिवसभर केबिनमध्ये पडदे ओढून वर्तमानपत्र वाचत बसले होते. मी दोनदा आत गेलो, दोन्ही वेळा तेच पान होतं.

एक सांगायचं राहिलं. त्या रांगेत कारखान्यातला जवळजवळ प्रत्येकजण काही ना काही घेऊन उभा होता. मी रिकामा होतो. मी ऑफिसातला माणूस, कोल्हापुरातून ये-जा करणारा, साचा मला भरता येत नव्हता आणि मागायची तर पद्धतच नव्हती. त्या महिन्यात माझ्याही घरी लग्न झालं होतं. माझ्या मुलीनं रजिस्टर पद्धतीनं केलं. मुलगा दुसऱ्या जातीतला म्हणून दोन्हीकडचे नातेवाईक रुसलेले. मांडव नाही, आहेर नाही. आम्ही चौघं जाऊन सह्या करून आलो होतो. कारखान्यात मी कुणालाच सांगितलं नव्हतं. रांग बघताना तेवढं मनात आलं आणि कामाच्या गडबडीत गेलं.

संध्याकाळपर्यंत बेपत्ता लोखंडाचा बहुतेक पत्ता लागला. त्याचा धूर कवचांवरून उतरला आणि गावावर चढला, आणि आकडा मर्यादेच्या आत आला. बाईंनी तो दोनदा तपासला. मग मला म्हणाल्या, सांगा सगळ्यांना. मी सांगितलं. इस्माईलभाई खाली बसले आणि त्यांनी बुटाची नाडी सोडून परत बांधली.

पण बाईंचं काम संपलं नव्हतं. मागच्या वर्षाचं मी अंदाजानं चालवून घेतलं, त्या म्हणाल्या, पुढच्या वर्षी असे तवे गोळा करून चालणार नाही. प्रत्येक हीटला शेवटची लेडल किती किलोची होती आणि ती कुणाला गेली, हे लिहून ठेवावं लागेल. नाहीतर पुन्हा सगळा धूर कवचांवर.

हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा भट्टी चालू होती. बाईंचा शेवटचा दिवस, दुपारची हीट. कंपनीचे साचे भरून झाले होते. इस्माईलभाईंनी उरलेला रस लेडलमध्ये घेतला होता. कोपऱ्यात दोन साचे तयार होते. अण्णा केबिनमधून बाहेर आले होते आणि हात मागं बांधून उभे होते.

“नाव लिहायचं?” त्यांनी विचारलं.

“तसं म्हणताहेत.”

“मग आजपासनं बंद.” ते इस्माईलभाईंकडं वळले. “विटा पाड.”

इस्माईलभाई हलले नाहीत. लेडलमधला रस पांढरा होता, तो पिवळट व्हायला लागला. लोखंड काही माणसांचं बोलणं संपायची वाट बघत नाही. आणखी थोडा वेळ गेला तर त्याच्या विटाही धड पडल्या नसत्या.

मी घाईघाईनं बाईंना सांगितलं. काम वाचलं होतं, पण त्याच्या बदल्यात ही गोष्ट आमच्या डोळ्यांसमोर थंड होत होती, आणि ते त्यांना माझ्या इंग्रजीपेक्षा लेडलच्या रंगावरून आधी कळलं. त्यांनीही कधीकाळी अशा लेडल धरल्या होत्या.

“वजन मला हवंच,” त्या म्हणाल्या. “नाव नको. नावाला धूर नसतो.”

अण्णांना मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी पदरचं घालून सांगतोय की काय. मग बाईंकडं बघितलं.

इस्माईलभाईंनी लेडल साखळीच्या काट्याला अडकवली. बाईंनी आकडा वाचला, लिहिला आणि वही मिटली. मग अण्णांनी पाठ फिरवली. शेवटची लेडल ओतताना ते नेहमीच भिंतीकडं तोंड करून उभे राहायचे, कोणता साचा भरला, कुणाचा भरला, हे दिसू नये म्हणून. मी एवढी वर्षं तिथं असून ते कधी बघितलं नव्हतं. त्या वेळेला मी पत्रं लिहीत असायचो.

कृष्णाबाईंनी अण्णांकडं क्षणभर पाहिलं. ज्या बाईनं ट्रकवाल्याच्या जेवणाचीसुद्धा चौकशी सोडली नव्हती, ती दोन पावलं चालत गेली आणि अण्णांच्या शेजारी, भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. भिंतीचा रंग अजून पांढरा होता. त्यावर बघण्यासारखं काही नव्हतं. दोघंही ते लक्षपूर्वक बघत होते.

मग मीही वळलो. मागं रस ओतल्याचा आवाज आला, वाळूचा वास आला, आणि कुणीतरी, बहुधा इस्माईलभाईच, हळू आवाजात झालं म्हणालं.

बाई दुसऱ्या दिवशी पहाटे गेल्या. काम आमच्याकडंच राहिलं. पुढं अण्णा वारले, मी निवृत्त झालो, कवचं अजून जातात, शेवटची लेडल अजून काट्याला अडकते आणि मग सगळे भिंतीकडं तोंड करतात. नवीन आलेल्या इंजिनियर पोरांना तो डॅनिश नियम वाटतो.

त्या आठवड्याच्या शेवटी संध्याकाळी मी घरी निघालो तर माझ्या स्कूटरच्या पायाशी पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. जड होतं. आजूबाजूला कुणी नव्हतं. म्हणजे माणसं होती, पण त्यातला एकही माझ्याकडं बघत नव्हता. पोतं सोडलं तर आत आप्पेपात्र. नवं, कडा कानशीनं घासून साफ केलेल्या. माझ्या मुलीचं लग्न झाल्याचं कुणाला कळलं होतं, कुणी साचा भरला, कुणी सांगितलं म्हणून भरला, हे मला आजतागायत माहीत नाही. लेडल ओतली तेव्हा माझी पाठ होती.

मी ते स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये धरून कोल्हापूरला आणलं आणि तसाच मुलीच्या घरी गेलो. तिनं विचारलं, कुणी दिलं? मला सांगता येईना. मी तिच्या नव्या स्वयंपाकघरात उभा राहून भिंतीकडं बघत होतो. जावई चांगला मुलगा आहे, त्यानं पाणी आणून दिलं.

कुणाचे आभार मानायचे हे ठाऊक नसलं की ते आतच राहतात, आणि वहिनी म्हणाल्या होत्या तसे घशात अडकतात. देणाऱ्यांनी सांगितलं नाही, ते सांगणारही नव्हते. मी घेतलं आहे. म्हणून सांगितलं.

त्याचं वजन मात्र विचारू नका. ते आम्ही कधी काट्यावर ठेवलं नाही.